गावाचं नाक

"ए फेव्रोनिये, काहिलीपासनं लांब सर आधी! तुझ्या रुमालाला कांद्याचा वास हाय."

माझे थोरले दीर सव्वातीभावजी धुरातून ओरडले आणि सरपणाचा भारा घेऊन निघालेली माझी जाऊ जागच्या जागी थबकली.

"कांदा?" ती म्हणाली. "सकाळधरनं कांद्याला हात लावला आसंल तर हात झडू दे माझा. कोबी चिरत हुते मी."

"कोबी तर कोबी. वास त्यो वासच."

अंगणातले पुरुष खो खो हसले. येव्सेईला तर कुणाची तरी फजिती झाल्याशिवाय जेवण पचत नाही. तो म्हणाला, "काकू, उद्यापासनं नुसतं पानी पीत जावा. ह्या नाकापुढं तुमचा सौंसार टिकायचा न्हाई."

फेव्रोनियाने भारा खाली टाकला, नवऱ्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि काही न बोलता घरात गेली. माझ्या जावेने काही न बोलता जाणं म्हणजे नदीने उलटं वाहणं, पण त्या दिवशी तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. सापळे उकळायचा दिवस होता.

बटाट्याचे वेल गारठ्याने काळे पडले, सकाळी बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसं बर्फ धरायला लागलं, की आमच्या गावात हा दिवस येतो. नदी गोठायच्या आत पुरुषांना होड्या घेऊन वर रानात पोचायचं असतं. तिथे मग बर्फाळ वाटांवर सोबोल धरायचे. सोबोल दिसायला मांजराच्या पिलाएवढा, पण लोखंडाला माणसाचा नुसता हात लागलेला असला तरी सापळ्याकडे फिरकत नाही. त्याच्या कातड्यावर आमची वर्षभराची चूल पेटते. म्हणून रानात जायच्या आधी सगळ्या गावाचे सापळे सव्वातीभावजींच्या अंगणातल्या काहिलीत पडतात. त्या काहिलीत कधी दुसरं काही शिजलेलं नाही. तळाला पिख्त्याच्या, म्हणजे आमच्या रानातल्या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या, हिरव्या फांद्या, वर तारेत ओवलेल्या सापळ्यांच्या जुड्या, वर परत फांद्या. पाणी काळंभोर होईपर्यंत उकळायचं. मग गरम मेणात बुडवायचं, म्हणजे गंज चढत नाही. मग धुतलेले हातमोजे घालून वाऱ्यावर टांगायचं आणि पिख्त्याच्या पाल्यात गुंडाळून पोत्यात बांधून टाकायचं. पोतं रानात गेल्यावरच उघडायचं.

आणि या सगळ्यात एक गोष्ट अशी, जी खालच्या गावांत नाही, फक्त आमच्याकडे आहे. हुंगायचं एकट्यानेच. भावजींच्या बापाच्या वेळेपासून हे असं. काहिलीवर जो उभा, तो आकड्याने जुडी वर काढणार, नाकापाशी नेणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "अजून." नाहीतर, "झाली." दुसऱ्या कुणी नाक खुपसायचं नाही. दहा नाकं म्हणजे दहा मतं, आणि मतं उकळून सोबोल सापडत नाही, असं भावजी म्हणायचे. त्यांचे गुडघे गेल्यापासून ते रानात जात नाहीत. त्यांची सापळे लावायची रानातली वाट माझ्या नवऱ्याने, आर्तामोनने, आपल्या वाटेला जोडून घेतली. होडीत त्यांची जागा नाही, बंदुका त्यांनी वाटून टाकल्या. राहिली ती ही काहील. त्या दिवशी मात्र ते स्वच्छ सदरा घालून, कमरेला पट्टा बांधून असे उभे राहायचे, की देवळातला पुजारीसुद्धा दबून बोलावा.

"झाली," भावजी म्हणाले आणि आमची जुडी मेणाच्या बादलीत बुडवून दोरीवर टांगली.

तेवढ्यात आमच्या गावच्या मेलान्याचा नवरा कोंद्रात पुढे आला. कोंद्रात आमच्या गावचा नाही. खालच्या अंगाला, येनिसेई नदीच्या काठचा. मेलान्याशी लग्न करून इथे तिच्या आईच्या घरी राहिला, त्यामुळे त्याला स्वतःची रानवाट नाही. आमच्यात वाट बापाकडून येते, सासूकडून येत नाही. औंदा पहिल्यांदाच आर्तामोनने त्याला जोडीदार म्हणून न्यायचं कबूल केलं होतं. मेलान्याला सातवा महिना. दोघं नवरा-बायको त्या एका शब्दावर उन्हाळाभर हसत हिंडत होते.

कोंद्रातने आमच्या टांगलेल्या जुडीपाशी जाऊन, हात मागे बांधून, वाकून नाक जवळ नेलं.

"सव्वातीकाका," तो म्हणाला, "ह्येला डिझेलचा वास येतोय."

भावजींच्या हातातला आकडा तसाच राहिला. "काय येतोय?"

"डिझेलचा. पिख्त्याच्या खालनं. मेनातनं येत आसंल."

"तुला कुनी हुंगाय सांगितलं?"

"आमच्याकडं ज्याचं त्यो हुंगतो, काका. आन् ह्या वाटंवर मलाबी जायाचं हाय, म्हनून..."

"तुमच्याकडं!" भावजी म्हणाले. "तुमच्याकडचं सोबोल डिझेलच पीत असतील. सकाळी जनरेटरपाशी कोन लोळत हुतं रं?"

हे खरं होतं. गावचा जनरेटर दोन दिवस बंद होता आणि कोंद्रातने पहाटेपासून खपून तो सुरू केला होता. त्याच विजेवर भावजींच्या घरातला दिवा लागला होता.

"राखेनं हात धुऊन आलोय मी. आंघूळ करून सदराबी बदललाय."

"हात धुतलंस, नाक धुतलंस का? डिझेल तुझ्या नाकात हाय आन् सापळ्याला नावं ठेवतोस!"

येव्सेई हसला. तो हसला म्हणून बाकीचे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. कोंद्रातचं तोंड लालबुंद झालं, आणि लाल झालेलं तोंड बघून माणसं आणखी हसतात, तसं झालं. भावजींना त्या हसण्याने जोर आला. त्यांनी काहिलीत आकडा घातला, कोंद्रातची उकळत असलेली जुडी वर काढली आणि गवतावर फेकून दिली.

"डिझेलवाल्याचं सापळं माझ्या काहिलीत नगंत. सगळ्या गावाचा हंगाम नासवंल ह्यो."

वाफाळणाऱ्या जुडीकडे येव्सेईचं कुत्रं आलं, तिला हुंगलं आणि तंगडी वर केली. आता तर हसू आवरेना. कोंद्रातने कुत्र्याला हाकललं नाही. ते आपलं आवरून गेल्यावर त्याने जुडी उचलली. गरम लोखंडाने हात भाजले असतील, पण त्याने तोंड वाकडं केलं नाही. आर्तामोनकडे बघत उभा राहिला.

माझा नवरा भांडखोर नाही, नाकासमोर चालणारा माणूस आहे. त्याचं नाक थोरल्या भावाच्या पाठीमागे असतं एवढंच. तो खाली बघून म्हणाला, "औंदा ऱ्हाऊ दे कोंद्रात. माझा मीच जाईन."

"आर्तामोनदादा, मेलान्याला..."

"ऱ्हाऊ दे म्हनलो न्हवं."

कोंद्रात गेला. त्यानंतर भावजींनी राहिलेल्या जुड्या काढल्या, एकेक नाकापाशी नेली आणि "झाली", "झाली" म्हणत सुटले. एकदाही "अजून" म्हणाले नाहीत. उकळायला एवढा कमी वेळ आमच्या गावाला कधी लागला नव्हता. पोती बांधून झाली तेव्हा ऊन अजून छपरावर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरात कोबी चिरत बसले होते. पिंप भरायचं होतं, मीठ कमी पडतं की काय या काळजीत होते. दार वाजलं आणि सव्वातीभावजी आत आले. त्यांच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते टेबलावर कोबीच्या ढिगाशेजारी ठेवलं, फडकं बाजूला केलं, आणि माझ्या हातातली सुरी खाली पडली.

आत सापळा होता. उकळलेला, मेणात बुडवलेला सापळा. आमच्या गावात एकवेळ अस्वल घरात येईल, पण उकळलेला सापळा यायचा नाही. घरात चूल, घाम, लोणचं, कुत्र्याची पिलं, सगळं आहे. सापळा घरात आणणं म्हणजे आदल्या दिवसाची सगळी मेहनत मातीत घालणं. आणि आणणारा कोण, तर खुद्द भावजी.

"भावजी, ह्ये काय आनलंत?"

"उलिते," ते म्हणाले, "जरा हुंगून सांग."

मला वाटलं, ते माझी परीक्षा घेतायत. नाहीतर काल मी पण अंगणात नाक खुपसलं, असं कुणीतरी सांगितलं असेल. मी म्हटलं, "मी कशाला हुंगू? बायकामानसाचं त्ये काम न्हाई, तुमीच सांगताय."

"हुंग म्हनतो न्हवं!"

त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून या माणसाला मी चिडलेला बघितलाय, प्यालेला बघितलाय, पोरगं नदीत गेलं तेव्हा दगडासारखा बसलेला बघितलाय. पण भीक मागताना बघितला नव्हता. मी सापळा उचलला.

पहिल्यांदा पिख्त्याचाच वास आला, छान, गार, रानाचा. मग मेणाचा, देवापुढच्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवलेले, मधासारखा. आणि त्याच्या खालून, घशाशी येणारा, तो दुसरा. अंगणात, धुरात, होड्यांची इंजिनं रोज उघडून बसलेल्या पुरुषांच्या घोळक्यात तो कुणाला कळला नसता. माझ्या कोबीच्या घरात तो लपत नव्हता.

"डिझेल हाय," मी म्हणाले.

भावजी बाकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुमाला येत न्हाई हा वास?" मी विचारलं.

"मला कुठलाच येत न्हाई. बर्फ वितळताना ताप भरला हुता बघ. त्यातनं उठलो आन् गेला. म्हनलं यील परत. न्हाई आला. जेवताना खारट-आंबट कळतं, बाकी सगळी माती."

"आन् काल? ती 'झाली' म्हनत हुता ती?"

"बेतानं म्हनत हुतो. पान्याचा रंग बघून. वाफ बघून." त्यांनी सापळ्याकडे बोट केलं. "मेनाच्या बादल्या दोन हायत. सारख्याच. एकीत मागं जनरेटरचं डिझेल काढलं हुतं. दोन्ही एकाच खिळ्याला. दरसाल खिळ्यावरनं काढायची, नाकाला लावायची, चूक-बरोबर कळायचं. डोळ्यानं बघायची सवयच न्हाई गं मला. कोंद्रात बोलला तवाच वाटलं, बादली चुकली. रातभर बादली मांडीवर घेऊन बसलो. हुंगतोय, हुंगतोय, काय कळंल तर शप्पत."

मला त्यांची दया आली आणि दयेच्या पाठोपाठ संतापही आला. "म्हंजी तवाच कळलं हुतं तुमाला? आन् तरी त्याची जुडी कुत्र्यापुढं फेकलीत?"

"समद्यांच्या म्होरं बोलला त्यो."

"मग काय कानात बोलायचं हुतं? खरंच बोलला न्हवं?"

"उलिते, माझं गुडघं गेलं, रान गेलं. आता ह्ये गेलं म्हनून सांगितलं, तर मी कोन उरलो? फेव्रोनियाच्या चुलीम्होरचं लाकूड. म्हनून तोंडातनं गेलं. आन् एकदा गेल्यावर..."

"आन् पोत्यांचं काय? सगळी वर जातील. म्हैनाभर वाटा तुडवतील. सोबोल येतील, हुंगतील, निघून जातील. पोरंबाळं काय खातील उन्हाळ्यापतूर? तुमचं 'झाली'?"

"आमच्या बापाच्या वक्ताला इतकी चोख कामं हुती कुठं? थोडा वास जाईल रानात उडून..."

"न्हाई जायाचा," दारातून आवाज आला.

फेव्रोनिया उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. अंगावर शाल नव्हती, नवऱ्याच्या मागोमाग तशीच आली होती. आत येऊन तिने टेबलावरचा सापळा फडक्यात गुंडाळला, मूल गुंडाळावं तसा घट्ट.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "लापशी करपली तर म्हनता झकास झाली. माझ्या रुमालाला कोबीचा वास, तर म्हनता कांदा. म्हनलं म्हातारा झालाय, असू दे, चारचौघांत कशाला उघडं पाडायचं. झाकलं मी. पर ह्ये मला ठावं न्हवतं. त्या पोराच्या अंगावर ढकलशीला, ह्ये न्हवतं ठावं मला."

भावजी तिच्याकडे बघेनात. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडत नव्हती. तिला लाज वाटत होती. त्यांची वाटत होती, आपली वाटत होती, कोबी चिरत बसलेल्या माझीसुद्धा वाटत होती. घरात तीन माणसं आणि एकालाही मान वर करता येईना. काल हसलेलं आपलंच तोंड मला आठवलं आणि ते दोन्ही हातांनी झाकून घ्यावंसं वाटलं.

"मी आर्तामोनला आत्ताच सांगितलं असतं," मी शेवटी म्हणाले. "पर त्ये तुमच्या तोंडनं यायला पायजे. उद्या होड्या सुटायच्या आत सांगा. न्हाई सांगितलंत, तर मी वरडून सांगीन काठावरनं."

भावजींनी टोपी घातली आणि गेले. जाताना टेबलाला धडकले.

निघायच्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं. देवळातली प्रार्थना झाली, सगळं गाव काठावर उतरलं. होड्यांत पोती, पिठाचे डबे, स्की, नि कुत्री. कुत्र्यांना कळतं, ती नुसती थरथरत होती. पाणी रोज उतरत होतं. आणखी थोडे दिवस गेले तर वरच्या खडकांवरून होडी जायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पुरुषांची घाई चालली होती.

निघताना आमच्यात एकमेकांची माफी मागतात. जाणारा राहणाऱ्याची, राहणारा जाणाऱ्याची. रान म्हणजे रान, परत कोण येईल कुणी सांगावं, मनात काही ठेवून जायचं नाही. कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, "माझं चुकलं आसंल, ख्रिस्तासाठी माफ करा." समोरच्याने म्हणायचं, "देव माफ करंल, तुमी बी करा." सगळं गाव सगळ्या गावाला हे म्हणतं, त्यामुळे काठावर नुसता गलका असतो. म्हणता म्हणता कुणी दोर सोडत असतं, कुणी कुत्र्याला लाथ घालत असतं. येव्सेई माझ्यापुढे वाकून म्हणाला, "माफ करा उलिताकाकू, गेल्या साली तुमची बदकं म्याच मारली." मी म्हटलं, "देव माफ करंल, मी न्हाई." आणि सगळे हसले.

कोंद्रातही काठावर आला होता. वर, उतारावर, मेलान्याजवळ उभा होता. होड्या ढकलायला माणसं लागतात म्हणून आला असेल. त्याच्यापाशी माफी मागायला कुणी गेलं नव्हतं. विसरले होते असं नाही, प्रत्येकजण दुसरा जाईल म्हणून थांबला होता.

सव्वातीभावजी आले. सदरा तोच, काहिलीच्या दिवशीचा, पट्टा घट्ट आवळलेला. पुरुषांच्या मधोमध उभं राहून त्यांनी सगळ्यांना कमरेतून नमस्कार केला.

"माझं चुकलंय," ते म्हणाले. "माफ करा."

"देव माफ करंल, काका!" सगळे एका सुरात म्हणाले. "तुमी बी करा!"

"न्हाई, तसं न्हवं. माझं खरंच चुकलंय."

"आमचं बी खरंच चुकलंय," येव्सेई म्हणाला. "जरा बाजूला व्हा, दोर पायात येतोय."

"लई मोठी चूक झालीया माझ्या हातनं."

"मानूस म्हनल्यावर व्हनारच, दादा," आर्तामोन म्हणाला आणि भावाच्या गालाला गाल लावून होडीत चढला. "तब्येत सांभाळा. देव माफ करंल."

मी भावजींकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. चूक, माफी, खरंच, मोठी, जेवढे शब्द होते तेवढे त्या गलक्यात आधीच कुणी ना कुणी वापरून टाकले होते. एक क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. सांगितलं की मी, माफ पण केलं त्यांनी, आता मी काय करू, असं. तेही मी बघितलं. फेव्रोनियानेही बघितलं. ती नवऱ्याजवळ गेली नाही. पण काठावरून वळून उतार चढून गेली आणि मेलान्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

येव्सेईचं इंजिन सुरू झालं. आर्तामोनने दोरी ओढली. मी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायची वेळ आली नाही. भावजी नदीत उतरले होते. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, लोकरी बुटांसकट, गुडघाभर पाण्यात, आणि आमच्या होडीचं नाक दोन्ही हातांनी धरून लटकले.

"मला वास येत न्हाई!" ते इंजिनावरून ओरडले.

"काय?" आर्तामोनने इंजिन बंद केलं. "काय येत न्हाई?"

"वास! कसलाच येत न्हाई, तापातनं उठल्यापासनं. तुमचं समद्यांचं सापळं डिझेलच्या बादलीत बुडिवल्यात म्या. कोंद्रात खरं बोलला. मला तवाच शंका आली हुती. तरी त्याला हाकलला. ह्ये म्हनत हुतो मी. ह्ये!"

येव्सेईचंही इंजिन बंद पडलं. नदीचा आवाज तेवढा ऐकू यायला लागला. येव्सेईने आपल्या पोत्याची गाठ सोडली, पाला बाजूला सारला आणि नाक आत घातलं. मग आर्तामोनने आपलं पोतं सोडलं. मग सगळ्यांनी. आमच्या गावात पहिल्यांदाच एवढी नाकं एकदम पोत्यांत गेली होती.

"येतोय," एकजण म्हणाला.

"न्हाई, पोत्याचा न्हवं, माझ्या बाहीचा येतोय."

"माझ्या समद्या अंगालाच तेल हाय. मला काय कळंना."

सगळे सकाळपासून इंजिनांशी झोंबत होते. ज्याचा हात नाकापाशी जाई त्याला तोच वास. परवा तोंडभर हसलेली ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काठावर तेलाचा डाग नसलेला पुरुष एकच होता, कारण तो कुठेच निघाला नव्हता.

"कोंद्रात," आर्तामोनने मान वर न करता हाक मारली. "तूच ये रं जरा खाली. बघ की."

"म्या एकदा सांगितलंय," कोंद्रात वरून म्हणाला आणि जागचा हलला नाही.

आर्तामोन पोत्याचं तोंड धरून तसाच बसला. येव्सेईच्या जिभेला कधी नव्हे ते हाड आलं होतं. मला माझा नवरा इतका बापुडा कधी दिसला नव्हता. रागही आला त्याचा, आणि वाटलं, आपण दोघंही असेच, हसायला पुढे आणि बोलायला मागे.

भावजी पाण्यातून बाहेर आले. बुटांतून पाणी वाहत होतं. उतार चढायला त्यांना फार वेळ लागला, आणि कुणी हात द्यायला गेलं नाही. द्यावा की न द्यावा हेच कुणाला कळेना. कोंद्रातपुढे जाऊन ते गुडघ्यांवर बसले, तिथेच त्यांच्या तोंडून कळ निघाली. मग दोन्ही हात टेकले आणि कपाळ चिखलाला लावलं. वरचा चिखल गोठलेला होता, तो कर्रकन मोडला.

"माफ कर, ख्रिस्तासाठी."

असं जमिनीला डोकं लावून माफी मागितली, की समोरचा उत्तर देईपर्यंत उठायचं नसतं. आणि उत्तर तर ठरलेलंच, लहान पोरंही झोपेत म्हणतात. आम्ही सगळे ते ऐकायला थांबलो. कोंद्रात काही बोलेना. तो त्यांच्या पाठीकडे बघत होता. सदरा ताणून पाठीला चिकटला होता, मणके दिसत होते. मेलान्याने नवऱ्याची बाही धरली, त्याने ती हळूच सोडवली. माझ्या मनात आलं, म्हण बाबा, म्हणून टाक, म्हातारा माणूस गारठेल. पण मला हेही कळत होतं की हे मी म्हाताऱ्यासाठी म्हणत नव्हते. त्याने ते म्हटलं असतं की आम्ही सगळे सुटलो असतो.

खाली आर्तामोन होडीतून उतरला आणि एकेक पोतं काठावर ठेवायला लागला. ते बघून येव्सेईनेही पोती उतरवायला घेतली.

"देव माफ करंल का न्हाई, त्ये त्येचं त्यो बघंल," कोंद्रात शेवटी म्हणाला. "मला काय अजून जमत न्हाई, काका. खोटं कशाला म्हनू? उठा आता. काहील रिकामी हाय का?"

भावजी हातांवर जोर देऊन उठले. कपाळाला चिखल लागला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"हाय," ते म्हणाले. "रिकामी हाय."